अनंताची पिवळी पानं

आमच्या घरात सकाळी साडेसातला पानांचा दवाखाना भरायचा. चेष्टा नाही करत. माझे सासरे, त्यांना आम्ही अण्णा म्हणतो, दिवाणखान्यातल्या खिडकीपाशी खुर्ची टाकून बसायचे. हातात भिंग, पुढ्यात स्टीलची ताटली. बिल्डिंगमधल्या बायका आपापल्या घरातल्या कुंडीतलं दुखणाईत पान खुडून आणायच्या आणि ताटलीत ठेवायच्या. कुणाचा मनी प्लांट, कुणाचा पुदिना, कुणाचा ओव्यासारख्या वासाचा तो जाड पानांचा पानओवा. अण्णा पान उलटं करून बघायचे, सुलटं करून बघायचे आणि पहिलं एकच विचारायचे, "दुखणं जुन्या पानात आहे की नव्या?"

सात रस्त्यापासून चालत दहा मिनिटांवर आमची बिल्डिंग. सगळ्या गॅलऱ्या पश्चिमेला. सोलापुरातल्या उन्हात तिथं झाड ठेवायचं म्हणजे तव्यावर ठेवायचं. त्यामुळं इथं सगळ्यांची झाडं घरात, खिडकीच्या कडेनं, पडद्याआड. आणि घरातल्या झाडाला जरा काही झालं की बाया अण्णांकडे धावणार. बत्तीस वर्षं शेतकी शाळेत शिकवलेला माणूस, फीही घेत नाही, मग काय.

फी घेत नव्हते, पण अपमान करून घ्यावा लागायचा. "झाड पाळताय की मारताय? नवऱ्यालाही असंच ठेवता का?" बाया हसायच्या आणि दुसऱ्या दिवशी परत यायच्या, कारण निदान बरोबर असायचं. खालचं जुनं पान सगळंच फिकट पडलं तर नत्र कमी. झाड जुन्या पानातलं काढून नव्याला देतं, म्हातारी पानं उपाशी राहतात. खालच्याच पानांच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा, तर मॅग्नेशियम. जुन्या पानांच्या कडा करपल्या तर पालाश. आणि शेंड्याचं नवं कोवळं पानच पिवळं, शिरा तेवढ्या जाळीसारख्या हिरव्या, तर लोह. लोह एकदा एका पानात गेलं की झाडाला ते काढून दुसऱ्याला देता येत नाही. हे सगळं मी त्यांच्याच तोंडून इतक्या वेळा ऐकलंय की झोपेत विचारलं तरी सांगेन.

त्यांची आणखी एक सवय, लाल पेन. खिशाला कायम लावलेलं. किराणाच्या यादीवर, दूधवाल्याच्या कार्डावर, मी फ्रीजला चिकटवलेल्या चिठ्ठीवर, कशावरही ते गुण द्यायचे. शाळेत त्यांचा एक नियम होता आणि तो ते घरी आलेल्या प्रत्येकाला ऐकवायचे. निदान कितीही बरोबर असो, झाड मेलं तर शून्य. उत्तरपत्रिका परत मिळत नाही, झाडही परत मिळत नाही.

मी स्वतः माती-पाणी तपासायच्या एका खाजगी लॅबमध्ये काम करते. रसायनशास्त्र शिकलेय. द्राक्षवाले, डाळिंबवाले पिशवीत माती आणतात, पानांचे देठ आणतात, मी तपासून रिपोर्ट देते. अण्णा माझ्या लॅबला मातीची गिरणी म्हणायचे. "पिशवी टाकायची, कागद काढायचा. सांगतं यंत्र, वाचते ही." सकाळी मी डबे भरत असले की चहाच्या कपाशेजारी एक पान आणून ठेवायचे. "सांग, कसली कमतरता?" बरोबर आलं तर एक शब्द नाही बोलायचे. चुकलं तर दुपारपर्यंत अख्ख्या बिल्डिंगला कळायचं. लग्नानंतर एकोणीस वर्षं मी पोळ्या लाटता लाटता परीक्षा दिली.

त्या घरात माझ्या बाजूचं एकच माणूस होतं, सासूबाई. त्यांना मी आई म्हणायचे, आणि नुसतं म्हणायचे नाही. त्या वळसंगच्या, शेतकऱ्याच्या घरातल्या. इतकी वर्षं मास्तरणीसारख्या राहिल्या पण बोलणं बदललं नाही. अण्णा मला बोलले की त्या ओट्यापाशी येऊन हळूच म्हणायच्या, "लक्ष दिऊ नको गं. लई शिकलंय त्ये, त्येचा तरास हाय."

आईंनी माहेराहून अनंताची फांदी आणून तेलाच्या पत्र्याच्या डब्यात लावली होती. माझ्या लग्नाच्याही आधीची गोष्ट. डबा गंजून लाल झाला, झाड माझ्या खांद्याला लागलं. अनंताची पानं कशी असतात, तेल लावून पुसल्यासारखी. दर सोमवारी आई देवाची तांब्यापितळेची भांडी चिंचेनं घासायच्या आणि ते आंबट, मळकट पाणी सगळं अनंताच्या बुडाशी ओतायच्या. अण्णा ओरडायचे, "हा काय गावठीपणा? मुंग्या लागतील." आई म्हणायच्या, "त्याला आंबट लागतंय की. तुमास्नी न्हाय कळायचं." फुलं आली की पहिलं देवाला, दुसरं स्वतःच्या अंबाड्यात, आणि तिसरं वाटीभर पाण्यात घालून अण्णांच्या पुस्तकांशेजारी. अण्णा वाटी बाजूला सारायचे, पण फेकायचे नाहीत. एवढं मी त्यांच्या बाजूनं सांगते.

मग एका हिवाळ्यात मला आईंची नखं दिसली. आधी पांढरी, मग चपटी, मग मधे खोलगट, पाण्याचा थेंब ठेवला तर राहील अशी. जीभ गुळगुळीत. जिना चढताना दोनदा थांबायच्या. तांदूळ निवडताना कच्चेच तोंडात टाकायच्या. आणि एकदा साडी झटकताना निऱ्यांतून पाटीवरच्या पेन्सिलीचे तुकडे पडले. लहान पोरीगत ओशाळून म्हणाल्या, "खावंसं वाटतंय गं. कुनाला सांगू नको."

मी सांगितलं. शनिवारी अण्णा त्यांना गुडघ्यांसाठी डॉक्टरकडे नेणार होते. मी लॅबच्या पॅडच्या कागदावर लिहिलं: नखं खोलगट, जीभ गुळगुळीत, कच्चे तांदूळ आणि पेन्सिल खातात, रक्त आणि शौच तपासावं. चिठ्ठी अण्णांच्या हातात दिली. मी स्वतः का गेले नाही, असं कुणी विचारेल. द्राक्षाचा हंगाम होता, लॅबमध्ये देठांचा ढीग होता, नवरा कुर्डुवाडीच्या रेल्वे कारखान्यात, सकाळच्या गाडीनं जाणारा. आणि त्या घरात कुणाला कुठं न्यायचं हे अण्णा ठरवायचे. ही कारणं आहेत, मला माहीत आहेत, मी ती रोज मोजते.

अण्णांनी चिठ्ठी वाचली. दोन शेजारणी आणि त्यांचे एक जुने सहकारी बसले होते. अण्णा चिठ्ठी वर धरून म्हणाले, "आमच्या सूनबाई आता माणसांची पानं बघायला लागल्या. काय गं, दुखणं जुन्या पानात आहे की नव्या?" सगळे हसले. आईही पदर तोंडाला लावून हसल्या. चिठ्ठी त्यांनी घडी करून खिशात घातली, आणि डॉक्टरांना फक्त गुडघे दाखवून आणले. संध्याकाळी गुळाची ढेप आणि शेंगदाणे घेऊन आले. म्हणाले, "लोह कमी असेल तर हे खाईल. तुझ्या रिपोर्टाची गरज नाही."

सहा महिन्यांनी आई देवापुढं पडल्या. हातात चिंचेची वाटी होती, सगळं देवघर चिकट झालं. मोठ्या दवाखान्यात कळलं की आतड्यात गाठ आहे आणि तिथून रक्त जातंय, कितीतरी दिवसांपासून. तरुण डॉक्टर होता. त्यानं अगदी साधेपणानं विचारलं, "आधी घरात कुणाच्याच काही लक्षात आलं नाही का?"

अण्णा भिंतीकडे बघत म्हणाले, "नाही."

मी त्यांच्या शेजारी उभी होते. हातभर अंतरावर. "आलं होतं," असं मी म्हणू शकले असते, पण आई पलंगावरून आमच्याकडे बघत होत्या, म्हणून गप्प बसले. त्या चार महिन्यांत गेल्या. लोक म्हणतात, मरणापुढं राग ओसरतो. माझा नाही ओसरला. गाठीचं त्यांना कळलं नाही, ते मी समजू शकते. पण ते "नाही" मी आजपर्यंत माफ केलेलं नाही, आणि करायची घाईही नाही.

वर्षश्राद्धाच्या आधी अनंताच्या डब्याचं बूड सुटलं. अण्णांनी गवंड्याला बोलावून खास सिमेंटची कुंडी करून घेतली. अष्टकोनी, काठाला वेल काढलेली. नवी सिमेंटची कुंडी आधी आठवडाभर पाण्यात भिजत ठेवतात, पाणी बदलत राहतात, म्हणजे चुना उतरतो. हे त्यांनीच बिल्डिंगमधल्या बायांना दहा वेळा सांगितलं असेल. पण श्राद्धाच्या दिवशी झाड आईंच्या फोटोसमोर नव्या कुंडीत हवं होतं, आणि दिवस दोनच होते. लाल माती, शेणखत, निंबोळी पेंड, सगळं त्यांनी स्वतः चाळलं. ऐंशीच्या घरातला माणूस फरशीवर मांडी घालून दुपारभर माती कालवत होता. मधेच पंच्यानं डोळे पुसत होता. मी दारातून बघितलं आणि कणीक मळायला गेले.

चिंचेचं पाणी बंद झालं होतं. देवाची भांडी आता मी घासत होते आणि मला वेळ कुठला, पावडर लावायची, धुवायची, झालं. अनंताला मिळायचं बोअरचं पाणी. नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं, ते पिण्याला पुरेना, झाडाला कोण घालतंय. आमच्या बोअरच्या पाण्यानं बादलीला पांढरा थर धरतो, तो खरवडूनही निघत नाही.

चार महिन्यांत शेंड्याची पानं पिवळी यायला लागली. शिरा हिरव्या, बाकी पिवळं, लिंबाच्या सालीसारखं. अण्णांनी ते पान स्वतःच ताटलीत ठेवलं, भिंगातून बघितलं आणि म्हणाले, "लोह." बरोबर होतं. त्यांनी हिराकस आणला, तो हिरवट खडा शेतकरी लोहासाठीच वापरतात, आणि पाण्यात विरघळवून घातला. पानं पिवळीच राहिली. मग दुप्पट घातला. कडा करपल्या. मग म्हणाले नत्र असेल. मग मॅग्नेशियम. पहिलं निदान बरोबर असून माणूस घाबरून दुसऱ्या-तिसऱ्या निदानाकडे पळाला, हे मी रोज चहा गाळता गाळता बघत होते. "मिश्रण मी स्वतः केलंय," ते म्हणायचे, "त्यात चुन्याचा कणही नाही." मिश्रणात नव्हताच की. तो कुंडीत होता.

मला पानं पिवळी व्हायला लागल्यावर महिन्याभरातच अंदाज आला होता. कुंडीच्या आतल्या कडेला पांढरी पुटं धरली होती, आमच्या बादलीसारखीच. अण्णा अंघोळीला गेले असताना मी चमच्यानं मुळांजवळची माती काढली, एका बाटलीत बोअरचं पाणी घेतलं आणि लॅबमध्ये स्वतः तपासलं. माती चुनखडीची होऊन बसली होती. लोह मात्र भरपूर होतं, अण्णांच्या हिराकसानं तर जास्तच. लोह होतं, फक्त झाडाला ते घेता येत नव्हतं. चुन्यानं धरून ठेवलं होतं. आणि तेव्हा मला लख्ख कळलं, आईंचं ते गावठी आंबट पाणी इतकी वर्षं काय करत होतं. चिंचेनं चुना मारला जायचा, गंजका डबा लोह द्यायचा. आईंना यातला एक शब्द माहीत नव्हता. त्यांना एवढंच माहीत होतं की त्याला आंबट लागतं.

मी रीतसर रिपोर्ट काढला. खाली उपाय लिहिले: सिमेंटच्या कुंडीतून काढून मातीच्या कुंडीत लावावं, माती बदलावी, बोअरचं पाणी बंद, आठवड्याला चिंचेचं पाणी. तीन आठवड्यांत नवं पान हिरवं आलं असतं. एवढ्या साध्या गोष्टीवर ते झाड अडलं होतं.

कागद मी स्वयंपाकघरातल्या खणात, तळाला अंथरलेल्या वर्तमानपत्राखाली सरकवून ठेवला. ठरवलं होतं, अण्णांनी विचारलं तर देईन. भिंग पुसत, इकडं तिकडं बघत, आडून नाही. तोंडानं, शब्दानं विचारायचं. "तुला काय वाटतं?" एवढे तीन शब्द. माणसाच्या वेळी विचारले नाहीत, आता झाडाच्या वेळी विचारा.

त्याच आठवड्यात मी अनंताची एक फांदी कापून लॅबमध्ये नेली. गंजका डबा शोधला, खिडकीत ठेवला, चिंचेचं पाणी बाटलीत भरून नेलं. फांदीनं मूळ धरलं. घरी कुणाला बोलले नाही.

घरचं झाड पुढं वर्षभर मरत होतं. हे फार हळू चालतं. बिल्डिंगमधल्या बाया सकाळी पान घेऊन यायच्या आणि अण्णांच्या मागचं झाड बघायच्या. एक जण म्हणालीच, "अण्णा, हे तुमचंच का हो?" तिचं पान त्यांनी हातातही घेतलं नाही. हळूहळू दवाखाना बसला. ज्याचं स्वतःचं झाड पिवळं, त्याला कोण विचारणार? ताटली धुऊन मांडणीवर गेली. माझ्या कपाशेजारी पान ठेवणंही थांबलं.

मग एका सकाळी ते पान मी ठेवलं. फरशीवर गळलेलं अनंताचं पान उचललं, त्यांच्या चहाच्या कपाशेजारी ठेवलं आणि म्हटलं, "सांगा अण्णा, कसली कमतरता?" आवाज त्यांचाच काढला होता, तोच हेल. त्यांनी पानाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. कपातला एक घोट घेतला आणि म्हणाले, "साखर कमी आहे." मी साखरेचा डबा आणून त्यांच्यापुढं आपटला.

नवऱ्याला संशय आला होता. रविवारी मला म्हणाला, "तुला कळलंय ना त्याला काय झालंय? मग सांग की."

"मला कुणी विचारलेलं नाही," मी म्हटलं.

"अगं, आईचं झाड आहे ते."

"आईसुद्धा अण्णांच्याच होत्या. तेव्हा विचारलं होतं का?"

त्यानं टीव्हीचा आवाज वाढवला. तो त्याच्या वडिलांनाही कधी काही बोलला नाही आणि मलाही नाही. दोन्हीकडून सुटायची त्याला चांगली सवय आहे.

उन्हाळ्यात लॅबमधल्या फांदीला पहिलं फूल आलं. गुडघ्याएवढं झाड, पण फूल ताटातल्या वाटीएवढं. दिवसभर मला त्या वासानं सुचेना. संध्याकाळी मी ते केसात माळलं आणि घरी आले. हे मी मुद्दाम केलं, अजाणता नाही. अण्णा खिडकीपाशी पेपर वाचत बसले होते, शेजारी ती कुंडी आणि तिच्यातल्या बोडक्या काटक्या, शेंड्यांवर थोडी पिवळी पानं. मी त्यांच्या पाठीमागून, होता होईल तेवढं जवळून गेले. पेपर खाली आला.

"फूल कुठलं?" त्यांनी विचारलं.

"सात रस्त्यावर घेतलं."

सात रस्त्यावर मोगरा मिळतो, शेवंती मिळते. अनंत कुणी विकत नाही, हे त्यांना माहीत होतं आणि त्यांना माहीत आहे हे मला. त्यांनी मान हलवली. "चहा टाक," म्हणाले. त्या संध्याकाळी मी इतकी खूश होते की भाजीला गुणगुणत फोडणी दिली. मला त्याची आज लाज वाटायला हवी. थोडी वाटते.

पावसाळा लागला तरी झाडावर काही आलं नाही. एका सकाळी अण्णांनी खोडाला नखानं खरवडून बघितलं. आत तपकिरी, कोरडं. त्यांनी नख धोतराला पुसलं. "टाकून दे," म्हणाले. वॉचमनला बोलावून आम्ही दोघांनी ती जड कुंडी जिन्यावरून खाली नेली. मी वर आले तेव्हा ते पाठ करून बसले होते आणि फरशीवर कुंडीचा अष्टकोनी पांढरा डाग उरला होता. तो मी ॲसिडनं घासला, तरी पूर्ण गेला नाही.

मधे कधीतरी मला रिपोर्टाची आठवण झाली होती. खणातलं वर्तमानपत्र उचलून बघितलं तर खाली काही नव्हतं. वाटलं, वर्तमानपत्र बदलताना मीच टाकून दिला असेल. मेलेल्या झाडाचा रिपोर्ट शोधत कोण बसतंय.

नोव्हेंबरात पेन्शनीसाठी हयातीचा दाखला द्यावा लागतो. दरवर्षी अण्णा स्वतः कागद काढायचे. त्या वर्षी गुडघ्यामुळं उठवेना, म्हणून मला म्हणाले, "कपाटातली निळी फाईल आण." फाईल जुनी, दोरी तुटलेली. काढताना निम्मे कागद खाली पडले. गोळा करायला लागले. पेन्शनीचे कागद, त्याखाली आईंचे दवाखान्याचे कागद, आणि त्यांच्याही खाली टाचणीनं एकत्र लावलेले दोन कागद. दोन्हींवर माझ्या लॅबचं नाव.

वरची माझी चिठ्ठी होती. नखं खोलगट, जीभ गुळगुळीत. घडी पडून पडून मधून फाटायला आलेली. तिच्या समासात लाल पेननं, उत्तरपत्रिकेवर देतात तसे, गुण दिले होते. सूनबाई १०. मी ०.

खालचा अनंताचा रिपोर्ट होता. तो मागच्या बाजूला वळवलेला, आणि मागं लाल आकड्यांची एक उभी रांग. ६१. ५२. ४७. ३८. मला आधी कळेना कसले. मग कळलं. ते थोड्या थोड्या दिवसांनी झाडाची उरलेली पानं मोजत होते. माझ्या रिपोर्टाच्या पाठीवर. म्हणजे तो त्यांच्या हाती लागला तेव्हा झाडावर एकसष्ट पानं होती. एकसष्ट पानांचं झाड मरत नाही. कुंडी बदलली असती, वाटीभर चिंच भिजवली असती, तर ते जगलं असतं. स्वतःची चूक त्यांना त्या दिवशीच सापडली होती आणि उपायही. रांग खाली उतरत गेली होती. १९, ११, ४, शेवटी एक गोल. पुढच्या बाजूला माझ्या उपायांखाली त्यांनी लिहिलं होतं: निदान बरोबर. उपाय बरोबर. झाड मेलं. दोघांना ०.

मी तिथंच फरशीवर बसले. वाटीभर चिंच. दोघांच्या हातात होती, दोघांना माहीत होतं. मी त्यांनी विचारायची वाट बघत राहिले आणि ते मी सांगायची. मधे ती एक बाई गेलेली, तिचं झाड आम्ही एकमेकांच्या तोंडावर मारलं. रडू आलं, पण झाडासाठी नाही. त्या पहिल्या चिठ्ठीवरच्या दहांसाठी आलं. एकोणीस वर्षं मी त्यांच्याकडून ऐकायला थांबले होते, आणि त्यांनी ते कागदावर लिहून फाईलीत पुरून ठेवलं होतं.

"सापडली का?" बाहेरून त्यांनी विचारलं.

"हो," मी म्हटलं.

डोळे पुसले, कागद जसे होते तसे रचले, टाचणी लावली आणि फाईल नेऊन दिली. बोटाला थुंकी लावत ते एकेक कागद उलटत गेले. त्या दोन कागदांपाशी थांबले. टाचणी मी उलटी लावली होती, माझ्या ते लक्षात आलं आणि त्यांच्याही. बराच वेळ त्यांनी त्या टाचणीवर अंगठा ठेवला होता. मी वाट बघितली. खरंच बघितली. मग त्यांनी पेन्शनीचा कागद काढून घेतला, फाईल मिटली आणि म्हणाले, "चहा टाक."

मी चहा टाकला. साखर बरोबर घातली.

लॅबमधलं झाड आता माझ्या कमरेला लागलं आहे. सोमवारी मी त्याला चिंचेचं पाणी घालते. हंगामात फूल माळून घरी येते, तेव्हा अण्णांचा पेपर खाली येतो आणि मी पुढं जाईपर्यंत वर जात नाही. आता त्यांना नीट दिसत नाही, पण वास येतो. ते झाड घरी न्यायला मला रिक्षा पुरे आहे, मातीची कुंडीही आणून ठेवली आहे. त्यांनी विचारलं तर उद्याच नेईन. फूल कुठलं म्हणून एकदा विचारलं होतं, तेव्हा मी खोटं सांगितलं. ते मी धरत नाही. त्यांनी परत विचारायला हवं.